गाडी हवा चोरते

खिंडीचा चढ अर्धा झाला आणि मायाची मोपेड पुन्हा गचके देऊ लागली. मागच्या कॅरिअरला दोरीनं आवळलेल्या टोपलीत ढाब्याच्या भाकऱ्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या, अजून वाफ धरलेल्या. तिनं मूठ पिळली तशी गाडी जास्तच गुदमरली. सैल सोडली तर जरा सावरली. चोक ओढून तिनं आणखी थोडं अंतर काढलं आणि मग गाडी एकदाची गप झाली. माया खाली उतरली. आठवडाभर हेच चाललं होतं, आता रागही येत नव्हता. तिनं पदर कमरेला खोचला, हँडल धरलं आणि ढकलायला लागली.

तिचं घर खिंडीअलीकडच्या वाडीत. खिंड उतरली की उंब्रज, हायवे, आणि हायवेला लागून शंभूराजचा ढाबा. या ढाब्याला दुपारच्या आणि संध्याकाळच्या ज्वारीच्या भाकऱ्या मायाच्या चुलीवरून जात. पहाटे पीठ मळायला बसायचं, दुपारची टोपली पोचवून यायचं, नवऱ्याला भरवायचं, पुसायचं, त्याचे कपडे बदलायचे, आणि ऊन कलायच्या आत पुन्हा चुलीपुढं बसायचं. उजव्या खांद्यात एक कळ कायमची घर करून राहिली होती. कूस बदलली की ती कळ जागी व्हायची, म्हणून माया कूसच बदलत नसे.

नवरा बाळासो दुचाकीचा मिस्त्री. उंब्रजला स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कुणाचंतरी इंजिन खोलता खोलता तो एका अंगावर कलंडला. कराडच्या दवाखान्यातून घरी आला तो उजवी बाजू आणि वाचा घालवूनच. एक शब्द तेवढा उरला. व्हय. भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय, कुणी गेल्याची बातमी सांगितली तरी व्हय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याला सगळं समजतं, कान शाबूत आहेत, फक्त शब्द ओठापर्यंत येत नाहीत. माया सुरावरून अर्थ लावायला शिकली होती, तरी चुकायचीच. पाणी पुढं केलं की तो डाव्या हातानं उडवून द्यायचा. त्याला पाठीमागं उशी हवी असायची.

तोंडाची उजवी कड ओघळली होती. ती आवळून यावी म्हणून फुगे फुगवायचा व्यायाम दिला होता. बाळासोनं एकही फुगा तोंडाला लावला नाही. पोराबाळांचा खेळ आपण करायचा, हे त्याला सोसत नव्हतं, असं मायाला वाटे. पण ते विचारून घ्यायची सोय उरली नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर ती पोचली तेव्हा झंपर घामानं पाठीला चिकटला होता. उतारावर गाडी बंदच सोडून ती ढाब्यावर आली.

शंभूराज गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "वैनी, आज लय उशीर झाला. एक ट्रॅव्हल्स भरून माणसं आल्ती, चपातीवर भागवली."

"गाडी चढंना गेली बघा खिंडीत."

"मग दावा की कुणाला तरी," तो म्हणाला आणि टोपली पोऱ्याकडं न देता स्वतःच आत घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचीही गिऱ्हाइकं होती.

तिनं गाडी ऋषिराजकडं नेली. ऋषिराज बाळासोच्या हाताखाली शिकून तयार झालेला. आता हायवेवर त्याचं स्वतःचं, फरशी घातलेलं गॅरेज होतं. त्यानं प्लग काढून ठिणगी बघितली, किक मारली, मूठ पिळली, कान दिला.

"काकी, करंट चांगला हाय. कारब्रेटरचाच घोळ दिसतोय. पर आता माझ्याकडं येत्यात त्या समद्या इंजेक्शनच्या गाड्या, त्येंला कारब्रेटरच नसतो. ह्येचं सामान इथं कोण ठेवत न्हाई. मागवतो, पर आठ-धा दिस जात्याल. तवर ठेवून जावा."

"तवर भाकऱ्या कशावर नेऊ रं?"

ऋषिराजनं हातातलं फडकं उगाच दुसऱ्या हातात घेतलं. "मिस्त्री असतं तर..." तो बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली. मिस्त्री होताच की. वाडीत, सोप्यातल्या खुर्चीत बसून होता.

माया चोक ओढून, मधेमधे ढकलत गाडी घरी घेऊन आली.

बाळासोनं आवाज लांबूनच ओळखला होता. ती अंगणात शिरते न शिरते तोच तो खुर्चीतून अर्धा पुढं झुकला. "व्हय! व्हय!" डाव्या हाताचं बोट आधी गाडीकडं आणि मग घरात, खाटेखालच्या लोखंडी पेटीकडं. गॅरेज मोडलं तेव्हा बाकी सगळं गेलं, पण त्याच्या पान्यांची पेटी मायानं हलू दिली नव्हती.

"आवं, मी? मला काय येतंय त्यातलं?"

"व्हय."

हा व्हय कुठला, ते तिला कळलं. लग्न झाल्यापासून ती डबा घेऊन गॅरेजवर जायची. तो जेवायचा नाही, आधी हातातलं काम संपवायचा. तोवर ती बॅटरी धरायची, स्क्रू वाटीत गोळा करायची. कार्बोरेटर उघडताना तिनं किती वेळा पाहिला असेल त्याला हिशोब नव्हता. पण पाहणं वेगळं.

तिनं चुलीपासून लांब, परसातल्या लिंबाखाली गोणपाट अंथरलं. वर पितळी परात ठेवली, स्क्रू हरवू नयेत म्हणून. बाळासोची खुर्ची ओढत ओढत तिथवर आणली. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढून काढली, दोन बोल्ट सोडवले आणि केबल मोकळी केली तसा कार्बोरेटर हातात आला. पेरूएवढा, काळाकुट्ट, चिकट. खालच्या वाटीचे स्क्रू मात्र जागचे हलेनात. तिनं गुडघा टेकून सगळा भार पेचकसावर दिला तेव्हा एकेक कुरकुरत सुटला.

वाटीत पेट्रोलच्या तळाशी गढूळ पाण्याचा थेंब फिरत होता आणि कडेला हिरवट-पांढरी साय धरली होती. तिनं वाटी बाळासोला दाखवली. त्यानं नाक मुरडलं. अगदी तसंच, जसं तो पूर्वी गिऱ्हाइकासमोर मुरडायचा. माया कितीतरी दिवसांनी हसली.

जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधे सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून पेट्रोल मोजून वर चढतं. तिनं तो उन्हाकडं धरून पाहिला. उजेड दिसेना. बाळासोनं बोटानं हवेत एक बारीक रेघ ओढली. तिनं जुन्या वायरमधली तांब्याची एक तार उपटली आणि हलक्या हातानं भोकातून फिरवली. मळ निघाला, उजेडाचा ठिपका दिसला. मग सगळं पेट्रोलनं धुतलं, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि जसं काढलं तसं परत बसवलं.

आता झालंच, असं वाटलं. तिनं कॉक उघडला आणि खालच्या नळीतून टपटप पेट्रोल गळायला लागलं.

"व्हय! व्हय! व्हय!" बाळासो ओरडला. तिनं घाईनं कॉक बंद केला. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. पुन्हा गळती. तोवर ऊन कललं होतं आणि पीठही मळलेलं नव्हतं. तिनं राखेनं, साबणानं, लिंबाच्या फोडीनं हात घासले आणि चुलीपुढं बसली. त्या संध्याकाळची टोपली तिनं दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभूराजचा फोन आला. "वैनी, एक सांगू का, राग मानू नका. भाकरीला पेट्रोलचा वास येतुया. काल संध्याकाळी दोघांनी ताटं परत केली."

तिनं हात नाकाशी धरला. तिला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. नाकही आता काम करेनासं झालं असेल. "बरं भाऊ," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

ती परसात आली तेव्हा तिनं सकाळी पुन्हा उतरवून ठेवलेला कार्बोरेटर बाळासो समोर धरून बसला होता. डाव्या हातानं तो तिला दाखवू लागला, कार्बोरेटर उलटा, सुलटा, परत उलटा. तोंडाकडं नेला, परत खाली आणला. "व्हय. व्हय." तिला काही केल्या कळेना. तिनं पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट दाखवला, त्यानं नाही म्हणून मान हलवली. जेट दाखवला, त्यानं मान हलवली. पॅकिंग दाखवलं. त्याचा चेहरा लाल झाला आणि त्यानं मांडीवरचा पाना उचलून भिरकावला. पाना परातीत पडला. परात दणाणली आणि स्क्रू गवतात उडाले.

माया गवताकडं बघत राहिली. मग बोलली ती हळूच, पण थांबता येईना.

"तुमी पडलात. मला पडायला जागा न्हाई. पहाटंपास्नं मी उभी हाय, कुणी म्हणलं का मला, माया, दमलीस का? तुमचं सारखं व्हय, व्हय, व्हय. कशाचं व्हय? त्यापरीस गप बसलात तर बरं."

बाळासो गप बसला.

त्या संध्याकाळी तो काहीच बोलला नाही. तिनं भात कालवून पुढं केला, त्यानं तोंड उघडलं, गिळलं. पाणी दिलं, प्यायला. उशी सारखी केली. एकही व्हय नाही. खंडाळ्याहून लेकीचा, समीक्षाचा फोन आला. नेहमी ती फोन बापाच्या कानाला लावायला सांगायची आणि तो व्हय व्हय करायचा. आज तो भिंतीकडं बघत राहिला.

"आई, आप्पांना काय झालं गं?"

"निजल्यात," माया खोटं बोलली.

"तू कशाला गाडी खोलत बसतीस? विकून टाक की ती."

"बघू," माया म्हणाली. गाडी विकून भाकऱ्या डोक्यावर न्यायच्या का, हे विचारण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं.

तिला वाटलं होतं, घर शांत झालं तर बरं वाटेल. पण त्या एका शब्दाशिवाय घर पोकळ वाटायला लागलं.

सकाळी उठून दुपारच्या भाकऱ्या तिनं हात पुन्हा पुन्हा धुऊन, आधी एक स्वतः खाऊन बघून केल्या आणि टेम्पोवर पाठवल्या. मग परसात जाऊन गवतातून स्क्रू वेचले. कार्बोरेटर आणला आणि बाळासोच्या मांडीवर ठेवला. स्वतः खाली गोणपाटावर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगा आता. न्हाई कळलं तर परत सांगा."

त्याचा डावा हात हलला. त्यानं कार्बोरेटर उलटा केला, पेट्रोलची नळी जिथं बसते ते नाकाड ओठांशी नेलं आणि फुंकर मारली. हवा नाकाडात गेलीच नाही, ओघळलेल्या उजव्या कडेनं लाळेबरोबर फुर्रकन बाहेर आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आता मायाला कळलं. गॅरेजात तिनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. कार्बोरेटर उलटा धरला की आतला फ्लोट आपल्या वजनानं पडतो आणि त्याची छोटी पिन पेट्रोलचं भोक बंद करते. मग फुंकर आत जाता कामा नये. गेली, तर पिन खराब. पेट्रोल गळतं ते तिथूनच. हे तो काल तोंडापर्यंत नेऊन सांगत होता आणि फुंकायची वेळ आली की लाजून हात खाली घेत होता.

ती फुंकर स्वतःही मारू शकली असती. ती उठली, त्याच्या बाजूला उभी राहिली आणि दोन बोटांनी त्याच्या ओठांची उजवी कड दाबून धरली. "हं. आता मारा."

त्यानं फुंकर मारली. पहिली अर्धी निसटली. तिनं बोटं नीट आवळली. दुसरी सरळ नाकाडात गेली आणि आत कुठंतरी बारीक शीळ वाजली. हवा जात होती.

"व्हय," बाळासो म्हणाला.

मायानं तोंड वळवून पदरानं डोळे पुसले. मग पिन काढून उन्हात धरली. टोकाला झिजून एक गोल चरा पडला होता. पेटीत जुन्या सुट्या भागांचा एक डबा होता. तो तिनं त्याच्या मांडीवर उपडा केला. बाळासो डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत राहिला, एकेक पिन नखावर घासून बघत होता. शेवटी एक निवडली. ती घालून पुन्हा फुंकर मारली, पुन्हा तिच्या बोटांच्या आधारानं. शीळ वाजली नाही.

गळती थांबली. गाडी किकला उठली. पण मूठ पिळली की परत तेच, गुदमरणं आणि गचके. चोक ओढला की चालायची, सोडला की मरायला टेकायची. माया मटकन खाली बसली. एवढं करून आपण जिथं होतो तिथंच, असं तिला वाटलं. बाळासोचं मात्र तिच्याकडं लक्षच नव्हतं. तो डोळे मिटून ऐकत होता. गाडी जागेवर उभी असूनही रेस आपोआप वर चढत होती आणि खाली पडत होती, धाप लागलेल्या माणसासारखी.

त्यानं डोळे उघडले आणि पाण्याच्या तांब्याकडं बोट केलं. ती प्यायला द्यायला लागली तर त्यानं तांब्या गाडीकडं ढकलला. कार्बोरेटर इंजिनला जिथं चिकटतो तिथं बोट दाखवलं आणि चिमटीनं थेंब सोडल्यासारखं केलं.

मायानं बोटं बुडवून सांध्यावर थेंब सोडले. एका कडेला सोडले, काही नाही. वरच्या बाजूला, काही नाही. खालच्या कडेला सोडले तसा इंजिनचा सूर एकदम बदलला, खाली बसला, आणि पाणी आत ओढलं गेल्याचा चुरचुर आवाज आला.

बाळासोनं खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"हवा चोरतीया!" माया ओरडली. हे त्याचंच वाक्य होतं. गाडी हवा चोरते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. सांधा बसत नाही, फटीतून नको ती हवा आत जाते, मग पेट्रोल पुरत नाही आणि चढावर इंजिन दम टाकतं. त्यानं ते वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि तो ओठांच्या एका बाजूनं हसला.

सांध्याचं पॅकिंग चिरलं होतं आणि कार्बोरेटरची बसायची कड किंचित वाकली होती. बाळासोनं खूण केल्याप्रमाणे तिनं चुलीजवळच्या काळ्या फरशीचा उरलेला तुकडा आणला, त्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि त्याच्या मांडीवर पाट देऊन दोन्ही त्यावर ठेवलं. ती कड तो डाव्या हातानं घासत बसला. घासायचा, बोट फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. मायानं एका जाड पुठ्ठ्याचा तुकडा इंजिनच्या तोंडावर धरला आणि हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत गेली, तसा कडेचा आकार पुठ्ठ्यावर उमटून आपोआप कापला गेला. त्याला ऑइल चोळून नवं पॅकिंग झालं. ते काम करताना ती भाकऱ्या विसरली. आठवण झाली तेव्हा चुलीत जाळ घालायची वेळ टळून गेली होती. तिनं शंभूराजला फोन करून संध्याकाळचं जमणार नाही असं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या या, बोलू."

गाडी दुसऱ्या दिवशी खिंड चढली. टोपलीसकट, चोक न ओढता, एकाही गचक्याशिवाय. माथ्यावर मायानं गाडी थांबवली नाही. थांबायचं कशाला, चालतेय तर चालू दे, म्हणून ती सरळ उतरून ढाब्यावर गेली.

शंभूराजनं टोपली उतरवून घेतली, एक भाकरी मोडून वास घेतला, मान डोलावली. मग म्हणाला, "वैनी, संध्याकाळच्या भाकऱ्या आता इथल्याच एका बाईला सांगितल्या. काल वेळेला तीच धावून आली. तिला आता न्हाई कसं म्हणू? दुपारचं तुमचंच ऱ्हाईल."

माया उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, घासाघीस, विनवणी, कालपर्यंत एकदाही चुकले नाही हे सांगणं. ते सगळं मनात आलं आणि बोलायला सुरुवात करण्याआधीच जड वाटलं.

"बरं," ती म्हणाली.

परतताना तिला उगाच भीती वाटत राहिली की आपल्याला वाईट कसं वाटत नाही. घर अर्ध्या कामावर कसं चालवायचं हे तिला माहीत नव्हतं. तो प्रश्न होताच, पण पाठीमागं बसून येत असल्यासारखा, तिच्या डोळ्यांपुढं नव्हता. घरी येऊन तिनं बाळासोला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "व्हय." हा व्हय कसला, ते ती शोधत बसली नाही. ती त्याच्या खुर्चीजवळच पायरीवर टेकली.

पुढं काही दिवसांनी ऋषिराज वाडीत आला. कुणा म्हाताऱ्याच्या जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर त्यानं पिशवीतून आणला होता.

"काकी, हे माझ्याकडं कुणाला जमंना. मिस्त्रींना दावायला आणलंय. तुमी दोघं बघता का?"

माया नुकतीच दुपारची टोपली पोचवून आली होती. "ठेव तिथं," ती म्हणाली. "पर आज न्हाई हं ऋषिराज. आज मी निजणार हाय. उद्याचं उद्या."

"निजा की, कोण नको म्हणतंय," तो हसला आणि पिशवी बाळासोच्या हाताशी ठेवून गेला.

ती खाली घोंगडीवर आडवी झाली. खांद्यातली कळ जागी होती, तरी तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. डोळा कधी लागला ते समजलंच नाही. जाग आली ती दचकून. ऊन परसात उतरलेलं होतं, चूल थंड होती. ती धडपडत उठून बसली, हात पिठाच्या डब्याकडं गेला, आणि आता संध्याकाळच्या भाकऱ्या करायच्या नाहीत, हे आठवायला तिला बराच वेळ लागला.